स्टँडर्ड्स कमिटीचं नेतृत्व रोज कोड लिहिणाऱ्यांनी करावं का?

कोडकरी (धागाकर्ता)

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय, तुमची मतं हवीत.

आमची टीम ज्या वर्किंग ग्रुपमध्ये, म्हणजे स्टँडर्ड (सगळ्यांनी पाळायचे तांत्रिक नियम) ठरवणाऱ्या गटात, भाग घेते (डेटाच्या देवाणघेवाणीचा एक फॉरमॅट आहे, नाव देत नाही) तिथल्या चेअरची मुदत संपत आलीय आणि माझ्या एका सहकारी डेव्हलपरचं नाव पुढे आलंय. त्या फॉरमॅटचा पार्सर (तो फॉरमॅट वाचणारा प्रोग्राम) तिनेच लिहिलाय, आजही तीच सांभाळते, बग आला की पहिला मेसेज तिलाच जातो. पण ग्रुपमधली जुनी मंडळी म्हणतात की चेअरचं काम वेगळं, तिथे प्रक्रिया कळणारा आणि पूर्णवेळ स्टँडर्ड्सचंच काम करणारा माणूस हवा, डेव्हलपरने आपलं कोड लिहावं आणि इश्यूवर कमेंट टाकावी.

मला हे अजिबात पटत नाही. स्पेकमधलं, म्हणजे स्टँडर्डच्या लिखित मजकुरातलं, कुठलं वाक्य दोन अर्थांनी वाचता येतं हे कोड लिहायला बसल्यावरच कळतं, नुसतं वाचताना सगळं गुळगुळीत वाटतं. अजेंड्यावर काय येणार, कुठला मुद्दा 'संपला' म्हणायचा, ड्राफ्ट कधी पुढे सरकवायचा हे सगळं वरची मंडळी ठरवतात. त्यांच्यातल्या एकानेही गेल्या कित्येक वर्षांत त्या विषयाचा डीबगर उघडला नसेल तर ते उंटावरून शेळ्या हाकणंच झालं ना?

तर प्रश्न असे की चेअर (चर्चा चालवणारा), एडिटर (स्पेकचा मजकूर लिहिणारा), आर्किटेक्चर बोर्ड (एकूण रचनेवर नजर ठेवणारं मंडळ) यातल्या कुठल्या जागी हात काळे करणारा माणूस हवाच, आणि तिथे बसल्यावर त्याचे हात काळे राहतात का?

---

वाचकमात्र

रुमाल टाकून ठेवतो. जाणकार येऊ देत.

---

जुना_सर्व्हर

हा वाद फार जुना आहे आणि इंटरनेटच्या इतिहासात एकदा चांगलाच पेटलाही होता, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१९९२ साली आयपी पत्ते संपणार ही चिंता सुरू झाली होती. तेव्हा वरच्या पातळीवर असलेल्या इंटरनेट आर्किटेक्चर बोर्डाने असा कल दाखवला की नव्या आयपीचा पाया ओएसआय या दुसऱ्याच नेटवर्क स्टँडर्ड्सच्या घराण्यातल्या सीएलएनपी प्रोटोकॉलवर घालावा. आयईटीएफमध्ये (इंटरनेटचे स्टँडर्ड्स लिहिणारी संस्था) जे लोक प्रत्यक्ष राउटर आणि प्रोटोकॉल स्टॅक लिहीत होते ते खवळले. तांत्रिक आक्षेप होतेच, पण खरा राग हा की हे ठरवलं कुणी आणि कुठल्या अधिकाराने. त्याच वर्षी जुलैमध्ये केंब्रिजच्या बैठकीत डेव्हिड क्लार्क यांनी ते प्रसिद्ध वाक्य म्हटलं की आम्ही राजे, अध्यक्ष आणि मतदान नाकारतो, आम्ही मानतो ढोबळ सहमती आणि चालणारा कोड.

ते वाक्य सगळ्यांना पाठ असतं, पण त्यानंतर जे झालं ते जास्त महत्त्वाचं वाटतं मला. स्टँडर्ड मंजूर करायचा अधिकार बोर्डाकडून काढून एरिया डायरेक्टर्सच्या (एकेका विषयाचे प्रमुख) आयईएसजी या मंडळाकडे गेला आणि पदाधिकारी निवडायला नॉमकॉम ही समिती आली. या नॉमकॉमचे मत देणारे १० सभासद बैठकांना नियमित येणाऱ्या इच्छुक लोकांतून चिठ्ठ्या टाकून निवडतात. म्हणजे आज कोड लिहिणारा एखादा मुलगा उद्या ठरवू शकतो की एरिया डायरेक्टर कोण होणार. नेतृत्वावर डेव्हलपरचा वचक ठेवायचा हाही एक मार्ग आहे, स्वतः खुर्चीत न बसता.

---

नीलपंख

जुना_सर्व्हर, प्रतिसाद आवडला, पण धाग्याच्या मूळ मुद्द्याला माझा विरोध आहे.

चेअरचं काम तांत्रिक निर्णय घेणं नाहीच मुळी. सहमती झालीय की नाही हे ओळखणं हे त्याचं काम. आयईटीएफचाच आरएफसी ७२८२ (आरएफसी म्हणजे त्यांचे क्रमांक दिलेले दस्तऐवज) वाचा, २०१४चा आहे, फार छान लिहिलाय. त्यात म्हटलंय की शंभर जण बाजूने आणि पाच जण विरोधात असले तरी ढोबळ सहमती नाही असं असू शकतं, आणि उलट पाच बाजूने आणि शंभर विरोधात असतानाही सहमती असू शकते. कारण डोकी मोजायची नसतात, आक्षेपाला उत्तर मिळालं की नाही हे बघायचं असतं. म्हणूनच तिथे हात वर करण्याऐवजी 'हम्म' करतात.

आता मला सांगा, ज्याने स्वतः पार्सर लिहिलाय तो त्या पाच जणांचा आक्षेप निष्पक्षपणे ऐकेल? बदल मान्य झाला तर त्याचा स्वतःचा कोड मोडणार असतो. मी असा चेअर पाहिलाय, अत्यंत हुशार माणूस, पण प्रत्येक सूचनेवर त्याचं पहिलं वाक्य 'आमच्या इम्प्लिमेंटेशनमध्ये हे अवघड आहे' असायचं (इम्प्लिमेंटेशन म्हणजे स्पेकप्रमाणे लिहिलेला प्रत्यक्ष प्रोग्राम). हळूहळू बाकीच्यांनी सूचना देणंच बंद केलं.

---

शून्यअंश

आमच्या मीटिंगमध्ये सगळे म्यूटवर हम्म करतात, सहमती काही केल्या ऐकू येत नाही :)

---

कंपायलरकाका

@नीलपंख, 'आमच्या इम्प्लिमेंटेशनमध्ये हे अवघड आहे' हे वाक्य कुणी वेळेवर म्हणत नाही किंवा म्हटलं तरी ऐकलं जात नाही, तेव्हा काय होतं त्याची गोष्ट सांगतो.

सी++ या प्रोग्रामिंग भाषेच्या १९९८च्या स्टँडर्डमध्ये टेम्प्लेटसाठी (वेगवेगळ्या प्रकारच्या डेटाला चालणारा साचेबंद कोड) 'एक्स्पोर्ट' नावाचं फीचर घातलं. टेम्प्लेटची व्याख्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवता यावी, हेडरमध्ये सगळं कोंबावं लागू नये, कल्पना उत्तम. पण स्टँडर्ड मंजूर झालं तेव्हा हे कुणीही पूर्ण करून दाखवलेलं नव्हतं. नंतर ईडीजी या छोट्याशा पण अतिशय तयारीच्या कंपायलर टीमने ते जिद्दीने पूर्ण केलं. प्रचंड मेहनत गेली. आणि त्या अनुभवातून कळलं काय, तर ज्या फायद्यांसाठी लोक हे फीचर मागत होते ते फायदे त्यातून मिळतच नाहीत, वर भाषेच्या इतर भागांशी अनपेक्षित गुंतागुंत होते. २००३ साली कमिटीसमोर पेपर आला की हे काढून टाकू या. तेव्हा काढलं नाही. शेवटी सी++११ या आवृत्तीत ते काढलं गेलं. एका फीचरने एवढी वर्षं स्टँडर्डमध्ये जागा अडवली, पुस्तकांत छापून आलं, विद्यार्थ्यांनी वाचलं, आणि बहुतेक कंपायलरवर चालवायला गेलं तर एरर.

कमिटीत तेव्हा कोड लिहिणारे नव्हते असं नाही हं. सी++ च्या कमिटीत कंपायलर लिहिणारे पहिल्यापासून आहेत. नियम नव्हता की आधी करून दाखवा, मग मत द्या. त्यामुळे धागाकर्त्याला माझं उत्तर असं की खुर्चीत कोण आहे याच्याआधी खुर्चीत बसणाऱ्याला 'चालवून दाखवल्याशिवाय पुढे जाणार नाही' म्हणायचा अधिकार आहे का ते बघा.

---

अर्धविराम

काकांच्या प्रतिसादाला +१.

वेबवाल्यांची गोष्ट याच्या अगदी शेजारची. डब्ल्यूथ्रीसीने (वेबचे स्टँडर्ड्स ठरवणारी संस्था) एचटीएमएल, म्हणजे वेब पानं लिहायची भाषा, थांबवून एक्सएचटीएमएल २ हाती घेतलं, जे जुन्या पानांशी सुसंगतच नव्हतं. कागदावर सुंदर होतं. ब्राउझर लिहिणारे म्हणत होते की जगातली पानं चुकांनी भरलेली आहेत, आम्हाला रोज तीच दाखवावी लागतात, त्या चुकीच्या पानांचं नेमकं काय करायचं ते आधी लिहा. कुणी ऐकलं नाही. मग २००४ मध्ये ॲपल, मोझिला आणि ऑपेराच्या लोकांनी वॉटडब्ल्यूजी हा स्वतःचा गट काढला आणि तिथे ते कंटाळवाणं काम झालं, मोडक्या मार्कअपचं पार्सिंग पायरीपायरीने लिहून काढायचं. त्याआधी प्रत्येक ब्राउझर दुसऱ्याकडे बघून अंदाजाने वागायचा.

२००९ मध्ये एक्सएचटीएमएल २ गुंडाळलं, २०१४ मध्ये एचटीएमएल५ अधिकृत झालं, आणि २०१९ मध्ये डब्ल्यूथ्रीसीने करार करून मान्य केलं की एचटीएमएल आणि डॉमचं (कोडला दिसणारी पानाची रचना) स्टँडर्ड वॉटडब्ल्यूजीकडेच राहील. पंधरा वर्षं लागली! नेतृत्वाने कोड लिहिणाऱ्यांना बाहेर ठेवलं तर ते गप्प बसत नाहीत, वेगळं घर बांधतात, आणि सगळं जग त्यांच्या घरी राहायला जातं.

---

मेघना_टेस्ट

सगळे चेअर आणि एडिटरबद्दल बोलतायत, टेस्ट लिहिणाऱ्यांचं नावच नाही कुठे, म्हणून लिहितेय.

जावास्क्रिप्ट या वेबच्या प्रोग्रामिंग भाषेचं स्टँडर्ड ठरवणारी टीसी३९ कमिटी घ्या. तिथे प्रस्ताव टप्प्याटप्प्याने पुढे जातो आणि शेवटच्या चौथ्या टप्प्याला पोचायला टेस्ट२६२ या सामायिक संचात टेस्ट असाव्या लागतात आणि त्या पास करणारी दोन इम्प्लिमेंटेशन्स लागतात. २०२३ च्या शेवटी त्यांनी मधे २.७ असा नवा टप्पा घातला, हसू येतं आकड्याला, पण कारण एकदम व्यवहारी आहे. डिझाइन तत्त्वतः ठरलं की आधी टेस्ट लिहून घ्यायच्या, मगच इंजिनवाल्यांना (ब्राउझरमधला जावास्क्रिप्ट चालवणारा भाग लिहिणाऱ्यांना) सांगायचं की आता बनवा. आधी काय व्हायचं की इंजिनमध्ये फीचर आलं तरी टेस्ट अर्धवटच असायच्या.

आणि टेस्ट लिहिताना स्पेक जितका उघडा पडतो तितका कशानेच पडत नाही. रिकामी यादी दिली तर? तीच गोष्ट दोनदा आली तर? मधेच एरर आला तर आधीचं काम राहणार की जाणार? यातल्या निम्म्या प्रश्नांना ड्राफ्टमध्ये उत्तर नसतं आणि ते उत्तर काय असावं हे बहुतेक वेळा टेस्ट लिहिणाराच सुचवतो. हे नेतृत्व नाही तर काय? फक्त त्याला पद नसतं आणि मिनिट्समध्ये नाव नसतं.

कोडकरी, तुमच्या सहकारीला आधी विचारा की ग्रुपकडे टेस्ट सूट आहे का.

---

शून्यअंश

टीसी३९ निघालंच आहे तर 'स्मूश'ची गोष्ट कुणीतरी सांगा. ॲरे, म्हणजे कोडमधली यादी, सपाट करायच्या मेथडचं नाव स्मूश होणार होतं ना?

---

मेघना_टेस्ट

हो, अवांतर आहे पण सांगते, शेवटी विषयालाच येऊन मिळतं.

२०१८च्या मार्चमध्ये 'फ्लॅटन' ही मेथड फायरफॉक्सच्या नाइटली (रोज निघणाऱ्या चाचणीच्या) आवृत्तीत टाकली तर एक चालू वेबसाइट मोडली. कारण मूटूल्स नावाच्या जुन्या लायब्ररीने ॲरेवर स्वतःची फ्लॅटन बसवलेली होती आणि ब्राउझरची खरी फ्लॅटन आल्यावर लायब्ररीची आतली जुळणी बिघडत होती. कुणीतरी गंमतीत म्हणालं की स्मूश नाव देऊ, आणि त्यावर इंटरनेटभर रणकंदन. मे महिन्यात 'फ्लॅट' नाव ठरलं, ते जावास्क्रिप्टच्या ईएस२०१९ आवृत्तीत आलं. याच लायब्ररीपायी आधी 'कन्टेन्स'चं 'इन्क्लूड्स' करावं लागलं होतं.

तेव्हा बरेच डेव्हलपर चिडून म्हणत होते की मोडू दे की जुन्या साइट्स, नाव चांगलं ठेवा. म्हणजे डेव्हलपर म्हणाला की वापरणाऱ्याचं भलं आपोआप बघतो असं नाही. ज्यांनी नाइटलीतला बग शोधला, मूटूल्सचा कोड वाचला आणि नेमकं का मोडतंय ते दाखवलं त्यांच्यामुळे योग्य निर्णय झाला.

---

कोडकरी

सगळ्यांचे आभार, धागा फारच पुढे गेला.

@मेघना_टेस्ट, टेस्ट सूट आहे म्हणायला, पण तो आमच्या सहकारीनेच तिच्या पार्सरसाठी लिहिलेला आहे, ग्रुपचा असा नाही. हा मुद्दा लक्षात आला नव्हता.

@नीलपंख, पक्षपाताचा मुद्दा मान्य, पण मग पूर्णवेळ स्टँडर्ड्सचं काम करणारा माणूस निष्पक्ष कसा? त्यालाही कुणीतरी पगार देतंच की. आणि तो ज्या कंपनीकडून येतो तिची बाजू त्याच्या बोलण्यात लपलेली असते, डेव्हलपरची निदान कोडमध्ये उघडी दिसते.

बरं आता वेळेचं बोला. हे सगळं करायचं कधी?

---

पॅकेटप्रवासी

वेळेवर मी बोलतो, कारण माझं घोडं तिथेच अडलं होतं.

आयईएसजीचं उदाहरण घ्या. एरिया डायरेक्टरला दर पंधरवड्याच्या कॉलआधी शेकडो पानांचे ड्राफ्ट वाचायचे असतात, त्यावर आक्षेप लिहायचे, वर्किंग ग्रुप सांभाळायचे, शिवाय वर्षातून तीन मोठ्या बैठका. हे करून रोज कोड लिहिणारा माणूस विरळाच. आणि हे काम ऐच्छिक, म्हणजे पगार ज्याचा त्याची कंपनी देणार. साहजिकच ज्या कंपन्यांना एवढा माणूस मोकळा सोडणं परवडतं त्यांचेच लोक वर जातात. एकट्याने लायब्ररी सांभाळणारा, ज्याच्या कोडवर निम्मं जग चालतं, तो तिथे पोचतच नाही.

मला एका ग्रुपमध्ये एडिटर व्हायला सांगितलं होतं. तेव्हाच्या माझ्या कंपनीत वरिष्ठ म्हणाले की जरूर हो, अभिमान आहे, फक्त स्प्रिंटमधलं काम कमी होणार नाही. रात्री ड्राफ्ट आणि दिवसा तिकिटं असं काही काळ रेटलं, मग सोडलं. जोवर कंपनी या तासांना काम म्हणून मोजत नाही तोवर 'डेव्हलपरने नेतृत्व करावं' हे म्हणणं म्हणजे त्याची झोप मागणं आहे. कोडकरी, तुमच्या सहकारीने हो म्हणण्याआधी तिच्या मॅनेजरकडून हे लेखी घ्या, किती तास, आणि तिचं कुठलं काम कुणाकडे जाणार.

पायथॉनवाल्यांची एक तरतूद मला आवडते. २०१८च्या जुलैत भाषेचे जनक ग्विदो व्हान रॉसम यांनी पीईपी ५७२ या भाषेतल्या बदलाच्या प्रस्तावावरच्या वादानंतर अंतिम निर्णय देणारं पद सोडलं आणि पाच जणांची स्टीअरिंग काउन्सिल आली. ती निवडतात कोअर डेव्हलपर, म्हणजे मत देणारे सगळे भाषेचं काम केलेले, आणि एकाच कंपनीचे दोनपेक्षा जास्त जण त्यात बसू शकत नाहीत. पाच जणांत काम वाटलं जातं म्हणून थोडा तरी श्वास मिळतो.

---

तळटीपवाला

कोडकरींनी आर्किटेक्चर बोर्डाबद्दल विचारलं होतं, ते राहूनच गेलंय.

डब्ल्यूथ्रीसीचा टॅग, म्हणजे टेक्निकल आर्किटेक्चर ग्रुप, २००१ पासून आहे. त्याच्या सुरुवातीच्या वर्षांत एक मोठा वाद होता की एचटीटीपीचा पत्ता हा एखाद्या कागदपत्राचंच नाव असू शकतो की प्रत्यक्ष माणसाचं, वस्तूचंही. तात्त्विकदृष्ट्या विषय खोल आहे, मी त्याला कमी लेखत नाही. पण त्याच काळात वेब ॲप्लिकेशन लिहिणारे लोक जावास्क्रिप्टच्या विचित्र एपीआयशी (ब्राउझरकडून काम करून घ्यायच्या आज्ञांशी) झगडत होते आणि त्यांच्या प्रश्नांना तिथे वालीच नव्हता.

मग २०१२ च्या शेवटी निवडणुकीत काही जण उघड प्रचार करून उभे राहिले की टॅगमध्ये प्रत्यक्ष वेब बांधणारे हवेत. २०१३ च्या जानेवारीत ॲलेक्स रसेल, येहुदा कात्झ, ॲन व्हान केस्टेरेन आणि मार्कोस कासेरेस असे चौघं निवडून आले. कात्झ तर जेक्वेरी या वेब लायब्ररीच्या फाउंडेशनकडून आलेले, म्हणजे ब्राउझर बनवणाऱ्यांकडून नाही तर वापरणाऱ्यांकडून. त्यानंतर टॅगचं काम बदललं. नवीन स्पेक येतायत त्यांचे एपीआय तपासून देणं, प्रॉमिस (उशिरा येणाऱ्या उत्तरासाठीची जावास्क्रिप्टमधली सोय) कसं वापरायचं याचं मार्गदर्शन, अशी कामं पुढे आली. आज नवीन वेब फीचर टॅगच्या रिव्ह्यूला पाठवणं ही नेहमीची पायरी आहे.

म्हणून बोर्डाच्या बाबतीत माझं ठाम मत, तिथे कोड लिहिणारे हवेतच. चेअर सहमती बघतो, बोर्ड चव बघतं. आणि चव रोज वापरल्याशिवाय तयार होत नाही.

---

स्पर्शरेषा

मी स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरून कोड लिहिते, पोटापाण्याचा धंदा फ्रंटएंडचा. या धाग्यात सगळे 'डेव्हलपर विरुद्ध कागदी माणूस' असंच बघतायत, त्यात तिसरा माणूस हरवतोय.

डब्ल्यूसीएजी २.०, म्हणजे वेब अपंग व्यक्तींनाही वापरता यावं यासाठीचं स्टँडर्ड, हे २००८ साली आलं. ते नुसत्या ब्राउझर इंजिनिअर्सनी लिहिलं असतं तर काय झालं असतं याचा विचार करा. त्या कामात अपंग व्यक्ती, त्यांच्या संघटना, सहायक तंत्रज्ञान बनवणारे असे सगळे होते. यातले कित्येक जण कोड लिहीत नाहीत. त्यांच्यामुळेच नियम असे झाले की 'कीबोर्डने करता आलं पाहिजे' हे कुठल्याही तंत्रज्ञानाला लागू पडतं. मी स्वतः हात काळे करते, मला अभिमान आहे त्याचा, पण माऊसने काम करणारा अतिशय हुशार डेव्हलपर माझ्या अडचणी स्वतःच्या डोक्यातून काढू शकत नाही, त्याला मी सांगावंच लागतं.

एचटीएमएलच्या डिझाइन तत्त्वांमध्ये एक क्रम दिलाय, मतभेद झाला तर आधी वापरणारे, मग पानं लिहिणारे, मग ब्राउझर बनवणारे, मग स्पेक लिहिणारे आणि सगळ्यात शेवटी तात्त्विक शुद्धता. डेव्हलपर त्या क्रमात मधे आहेत. नेतृत्व करणाऱ्याने हा क्रम पाळला तर तो कोड लिहितो की नाही हे माझ्यासाठी दुय्यम.

---

नीलपंख

स्पर्शरेषा, अगदी मनापासून सहमत. मला जे म्हणायचं होतं ते तुम्ही फार नेमकं मांडलंत.

त्याला जोडून सुरक्षिततेचं. टीएलएस १.३ (इंटरनेटवरचा संवाद सुरक्षित ठेवणारा प्रोटोकॉल) करताना ड्राफ्ट चालू असतानाच क्रिप्टोग्राफीचे संशोधक प्रोटोकॉलची गणिती पडताळणी करत होते. आधीच्या आवृत्त्यांमध्ये स्टँडर्ड झाल्यावर हल्ले सापडायचे, इथे आधीच सापडले. हे संशोधक काही उत्पादनातला कोड लिहिणारे नव्हेत.

---

पॅकेटप्रवासी

पण टीएलएस १.३ चीच दुसरी बाजूही सांगा की. गणिताने प्रोटोकॉल बरोबर ठरला आणि प्रत्यक्ष नेटवर्कवर सोडला तर मधली उपकरणं कनेक्शन तोडायला लागली, कारण त्यांना अनोळखी आवृत्ती दिसली की ती घाबरायची. हे ब्राउझरवाल्यांनी खऱ्या ट्रॅफिकवर मोजलं तेव्हा कळलं. म्हणून आज टीएलएस १.३ चा पहिला संदेश वरवर १.२ सारखा दिसतो आणि खरी आवृत्ती एका एक्स्टेन्शनमध्ये असते. २८ ड्राफ्ट झाले आणि २०१८च्या ऑगस्टमध्ये आरएफसी ८४४६ आला. दोघंही लागले, गणितवालेही आणि तारा धरणारेही.

---

अर्धविराम

या दोघांना मिळून एक चेअर करा :)

---

जुना_सर्व्हर

अर्धविराम गमतीत म्हणाले पण ते होतंच की. आयईटीएफमध्ये बहुतेक ग्रुपला दोन चेअर असतात. क्विक या इंटरनेटवर डेटा वाहून नेणाऱ्या प्रोटोकॉलच्या ग्रुपचं बघा. २०१६ ला ग्रुप सुरू झाला, मार्क नॉटिंगहॅम आणि लार्स एगर्ट हे चेअर. एगर्ट यांनी चेअर असताना 'क्वांट' नावाचं स्वतःचं क्विक इम्प्लिमेंटेशन लिहिलं, आणि ड्राफ्ट बदलला की बाकीच्यांबरोबर तेही जुळतंय का हे तपासायचे. २०२१च्या मे महिन्यात आरएफसी ९००० आला तोवर इम्प्लिमेंटेशन्सचा एकमेकांशी जुळणीचा तक्ता पुनःपुन्हा भरून झाला होता, कुणाचा क्लायंट कुणाच्या सर्व्हरशी काय काय बोलू शकतो याचा. आणि एगर्ट त्याच वर्षी पूर्ण आयईटीएफचे चेअर झाले.

नीलपंख यांच्या पक्षपाताच्या भीतीवर माझं उत्तर हेच. क्वांट हे काही त्यांच्या कंपनीचं विकायचं उत्पादन नव्हतं. स्पेक समजायला आणि तपासायला लिहिलेला कोड वेगळा आणि ज्यावर धंदा अवलंबून आहे तो कोड वेगळा. चेअरने पहिल्या प्रकारचा जरूर लिहावा.

---

नीलपंख

हा फरक मी केला नव्हता. पटतंय. तरी लहान ग्रुपमध्ये असा माणूस मिळणं कठीण.

---

कंपायलरकाका

लहान ग्रुपसाठी एक धोका मात्र सांगून ठेवतो, कारण कोडकरींच्या ग्रुपमध्ये मला तो दिसतोय. ब्राउझरमध्ये डेटाबेस देणारं 'वेब एसक्यूएल' आठवतंय? चालत होतं, लोक वापरत होते. पण बनवणाऱ्या सगळ्यांनी आतून एसक्यूलाइट हा एकच तयार डेटाबेस वापरला. मग स्पेकमध्ये लिहायचं काय, 'एसक्यूलाइट जे करेल ते'? दुसरं स्वतंत्र इम्प्लिमेंटेशन नाही म्हणून काम थांबलं आणि २०१० च्या नोव्हेंबरमध्ये ते स्टँडर्ड न होता नुसती नोट म्हणून बाजूला ठेवलं गेलं. डेव्हलपर भरपूर होते तिथे, पण सगळ्यांचा कोड एकच.

तुमच्या सहकारीचा पार्सर, तिच्याच टेस्ट, आणि आता चेअरही तीच. ती कितीही प्रामाणिक असली तरी तिचा पार्सर हाच स्पेक होऊन बसेल आणि कुणाच्या लक्षातही येणार नाही. आपल्या कोडने जे केलं ते आपल्याला बरोबरच वाटतं, माणसाचा स्वभाव आहे.

---

कोडकरी

काका, हा प्रतिसाद मी तिला जसाच्या तसा दाखवला. तिचं म्हणणं लिहितो, तिची परवानगी आहे.

ती म्हणाली की चेअर नको, एडिटर व्हायला आवडेल. कारण वाक्य लिहिणं तिच्या हातात असेल आणि सहमती झाली की नाही हे दुसरं कुणीतरी ठरवेल, मग नीलपंख म्हणतात तो प्रश्न बराच सुटतो. टेस्ट ती ग्रुपच्या नावावर द्यायला तयार आहे, आणि त्यातल्या ज्या टेस्ट फक्त तिच्या पार्सरच्या सवयींवर बेतलेल्या आहेत त्या दुसऱ्या कुणीतरी वाचून काढून टाकाव्यात अशी तिची अट आहे. दुसरं इम्प्लिमेंटेशन एक जण वेगळ्या भाषेत करतोय, पण त्याने तिचा कोड न बघता फक्त ड्राफ्टवरून करावं असं ठरतंय.

चेअरसाठी आता आम्ही दोघांची जोडी सुचवणार आहोत, एक प्रक्रियेतले अनुभवी गृहस्थ आणि एक हा फॉरमॅट रोज वापरणारी पण पार्सर न लिहिणारी बाई. माझं सुरुवातीचं म्हणणं, की नेतृत्वात कोड लिहिणारा हवाच, त्यावर मी अजून ठाम आहे, फक्त तो कुठल्या जागी हवा हे या धाग्यामुळे जास्त स्पष्ट झालं.

तासांचं पत्र मॅनेजरकडे पाठवलंय. अजून उत्तर नाही.

---

पॅकेटप्रवासी

उत्तर येईपर्यंत एडिटर म्हणून नाव लावू नका, कळकळीने सांगतो. एडिटरचं काम चेअरपेक्षा जास्त वेळ खातं. २०१२ मध्ये ओऑथ २.० चे (पासवर्ड न देता दुसऱ्या ॲपला परवानगी द्यायचं स्टँडर्ड) एडिटर एरन हॅमर तीन वर्षांच्या मेहनतीनंतर बाहेर पडले आणि स्पेकवरून स्वतःचं नाव काढून घेतलं. त्यांचे सगळेच मुद्दे पटोत न पटोत, पण वेब बांधणाऱ्यांच्या आणि मोठ्या कंपन्यांच्या गरजांत ओढाताण झाली की ती सगळी शेवटी एडिटरच्या अंगावर येते, कारण मजकूर त्याच्या हातात असतो. तेव्हा दोन एडिटर घ्या, निदान सुट्टी तरी मिळेल.

---

मेघना_टेस्ट

+१ दोन एडिटरना.

आणि ड्राफ्टमध्ये 'कुणी काय बनवलंय' असा एक विभाग आत्ताच घाला. आयईटीएफमध्ये आरएफसी ७९४२ प्रमाणे अशी पद्धत आहे, कुठलं इम्प्लिमेंटेशन, कुठल्या ड्राफ्टपर्यंत आलंय, काय राहिलंय, बनवताना काय अडचण आली, सगळं तिथे लिहितात आणि अंतिम प्रकाशनाआधी तो भाग काढतात. बंधन नाही, पण चर्चेत कुणाच्या बोलण्यामागे कोड आहे आणि कुणाच्या मागे नाही हे सगळ्यांना दिसतं.

टेस्ट वाचून द्यायला मी तयार आहे, फॉरमॅटचं नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

स्पर्शरेषा

मलाही व्यनि करा. एरर मेसेज कसे द्यायचे याबद्दल स्पेकमध्ये काही लिहिलंय का ते बघायचंय, बहुतेक वेळा तिथे काहीच नसतं.